महाराजबागेत शिवणवर्ग

“ये शेर है की बिल्ली?” असे एका व्यापाऱ्याने विचारले आणि आमच्या वस्तीतल्या शिवणवर्गाचा दोन महिन्यांचा उत्साह एका दुपारी मावळला. ज्या सुनेने तो वाघ काढला होता ती तिथे काही बोलली नाही. तिने उशीचा अभ्रा घडी घालून पिशवीत ठेवला. परतताना मेट्रोत बसल्यावर मात्र तिने तो दोनदा काढून पाहिला.

वाचकांना आधी थोडी हकीकत सांगितली पाहिजे. उत्तर नागपुरात इंदोऱ्याच्या बाजूला आमची वस्ती आहे. विहाराच्या मागच्या खोलीत शिवणवर्ग चालतो. यंत्रे चार, त्यांतली चालू दोन. शिकवणाऱ्या ताई एक आणि शिकणाऱ्या अठरा. आम्ही आठवडाभर कचेरीत कारकुनी करतो आणि रविवारी वर्गाची जमाखर्चाची वही लिहितो. सुईत दोरा ओवणे आम्हाला आजही एका दमात जमत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. यंदा वर्गाला पहिल्यांदाच बाहेरचे मोठे काम मिळाले होते. ताडोबाला आणि पेंचला जाणारे पुष्कळ पर्यटक नागपूरवरून जातात आणि परतताना वाघाचे काहीतरी सोबत नेतात. म्हणून एका व्यापाऱ्याने उशीच्या अभ्र्यांवर जंगलातली जनावरे भरून मागितली होती. वाघ, बिबट्या, चितळ, सांबर आणि मोर. नगाला दीडशे रुपये. कापड त्याचे, दोरा आमचा. नमुना पाहिल्यावर त्याने दर एकदम एकशेदहावर आणला आणि वाघ नीट निघत नसेल तर काम दुसरीकडे देतो असेही सांगितले.

त्या संध्याकाळी वर्गात सभा भरली. सभा कसली, सगळ्याच एकदम बोलत होत्या. कुणी म्हणाली कापड खराब, कुणी म्हणाली छापा खराब. छाप्याबद्दलची तक्रार अगदीच खोटी नव्हती. लोणी-कागदावर चित्र काढून सुईने बारीक भोके पाडायची, मग रॉकेलमध्ये कालवलेली नीळ त्यावरून बोळ्याने फिरवायची, की खाली कापडावर ठिपक्यांची रेघ उतरते. आमचा वाघाचा खाका कुठल्यातरी आगपेटीच्या चित्रावरून काढलेला होता. एवढ्यात ती सून म्हणाली, “भाऊ, आम्ही वाघ पाह्यलाच कुठं?”

तिच्या या बोलण्यावर सगळ्या गप्प झाल्या. हात वर करायला सांगितले तेव्हा अठरांपैकी पाचजणींनी लहानपणी महाराजबाग पाहिली होती असे निघाले. अजब बंगल्यात एकीनेही पाऊल टाकले नव्हते. आमची स्वतःची गत फारशी वेगळी नाही. रोज त्याच रस्त्याने कचेरीत जातो, पण आत जाऊन पंचवीस वर्षे झाली असतील. नागपुरात जन्म काढायचा, लोकांच्या घरची धुणीभांडी करायची, त्यांच्या मुलांना बागेच्या फाटकापर्यंत सोडायचे आणि आपण बाहेर बाकावर बसून राहायचे, असे आमच्यातल्या दोघीजणींनी तर कित्येक वर्षे केले आहे. तिकीट काही लाखाचे नसते. पण आपल्याला तिथे काय काम, असे वाटून माणूस आत जात नाही.

म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी सहल ठरली. अकरा बायका, दोन मुले, ताई आणि आम्ही. कुणी पोळ्या-भाजी घेतली, कुणी चिवडा. इंदोरा चौकातून मेट्रो धरली आणि झिरो माईलला उतरलो.

तिथला दगडी खांब देशाचा मध्यबिंदू म्हणून सांगतात. इंग्रजांनी देशाची मोजणी केली त्या काळातला हा खांब आहे. आमच्या बायकांनी खांबाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या थांबल्या शेजारच्या चार घोड्यांपाशी. मिलवाल्या आजी, म्हणजे एम्प्रेस मिलमध्ये सूत गुंडाळण्याच्या खात्यात उभे आयुष्य काढलेल्या आमच्या वर्गातल्या सगळ्यात वयस्क विद्यार्थिनी, घोड्याच्या मानेकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हा पांढराच हाय ना? एकाच रंगाचा? मंग याची मान गोल कशी दिसते?” ऊन एका अंगाने पडले होते. दुसऱ्या अंगाला सावली होती. पांढऱ्याचे दोन पांढरे झाले होते, एक उन्हातला आणि एक सावलीतला. ताईंनी तिथेच वही काढून लिहून घेतले. छटा कशाला म्हणतात हे वर्गात फळ्यावर समजावताना त्यांचे दोन तास गेले होते. इथे दोन मिनिटांत काम झाले.

अजब बंगला म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय. १८६३ साली सुरू झालेले. नाव लोकांनी ठेवलेले आहे आणि ते सरकारी नावापेक्षा जास्त चालते. आत मूर्ती, शिलालेख, शस्त्रे पुष्कळ आहेत, त्यांवर स्वतंत्र लेख लिहिता येईल. पण आमचे काम भुसा भरलेल्या जनावरांपाशी होते. जिवंत जनावर हलते, पाठ फिरवते, झोपून राहते. भुसा भरलेले तसे करत नाही. पिसावर पीस कसे बसते, केस कुठून कुठे वळतात हे काचेला नाक लावून पाहता येते. केसांची दिशा हीच आमच्या वाघाची पहिली चूक होती. भरताना सुनेने सगळे टाके वरून खाली सरळ टाकले होते. खरे जनावर तसे नसते. नाकाच्या शेंड्यापासून केस मागे जातात, कपाळावर वर चढतात, गालावर बाजूला फाकतात, मानेशी खाली उतरतात. जिकडे केस तिकडे टाका. लांब-आखूड टाका म्हणतात तो याच कामाचा. पहिल्या ओळीत एक लांब आणि एक आखूड असे टाके घ्यायचे, पुढच्या ओळीचे टाके आधीच्या टाक्यांच्या टोकात शिरवायचे, म्हणजे दोन छटांच्या मध्ये रेघ उमटत नाही, एक रंग दुसऱ्यात विरघळतो.

तिथून पायीच महाराजबागेत गेलो. ही भोसल्यांच्या काळची बाग, आता कृषी महाविद्यालयाच्या ताब्यात आहे. वाघाच्या पिंजऱ्यापाशी रविवारची गर्दी होती. लोक येत, शिट्ट्या मारत, फोटो काढत आणि पुढे जात. आमच्या बायका मात्र जमिनीवर पदर टाकून बसल्या. पाऊण तास बसल्या. रखवालदाराने दोनदा येऊन विचारले, काही तक्रार आहे का म्हणून. ताईंनी सांगितले, “तक्रार नाही जी, अभ्यास चालू आहे.”

आणि खरोखरच अभ्यास झाला. वाघ उठून जाळीपाशी आला तेव्हा ती सून एकदम ओरडली, “डोळा पाहा, डोळा!” वाघाच्या डोळ्याची बाहुली गोल असते. मांजराची उजेडात उभी चिरेसारखी होते. तिने घरच्या मांजरीचा डोळा पाहून वाघाला उभी बाहुली काढली होती. व्यापाऱ्याचे बोलणे कडू होते, पण त्याच्या नजरेला काहीतरी खुपले होते ते हेच. त्यालाही सांगता आले नसते आणि आम्हालाही कळले नसते.

मग एकेक गोष्ट निघत गेली. वाघाच्या कानाची मागची बाजू काळी आणि मध्ये एक पांढरा ठिपका, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हते. डोळ्यांच्या वर पांढरे चट्टे असतात. पट्टे सरळ नसतात, कुठे दुहेरी होतात, कुठे मध्येच तुटतात, आणि डाव्या अंगाचे पट्टे उजव्या अंगाशी जुळत नाहीत. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, म्हणूनच जंगलखाते फोटोवरून वाघ ओळखते. ही गोष्ट ऐकून एक मावशी म्हणाल्या, “मंग तं बरंच झालं. आपला वाघ वेगळा निघाला तं तोही कोणाचा तरी असंल.” पिवळा रंगही एक नाही. पाठीवर विटकरीकडे झुकणारा, कुशीवर फिका, पोटाशी पांढरा. आम्ही वहीत छटा मोजल्या तेव्हा वाघाच्या एका चेहऱ्याला काळा-पांढरा धरून नऊ दोरे लागतील असा हिशेब निघाला. हिशेब ऐकून सगळ्यांचे चेहरे उतरले, त्याकडे पुढे येऊच.

बिबट्याच्या ठिपक्याला आम्ही नुसता काळा गोल समजत होतो. तो फुलासारखा असतो, तुटक काळ्या पाकळ्या आणि मध्ये अंगापेक्षा गडद पिवळा. नुसता भरीव काळा ठिपका चित्त्याचा. आमच्या वर्गाने आतापर्यंत बिबट्या म्हणून चित्ताच भरला होता! चितळाचे पांढरे ठिपके पाठीच्या कण्याशी ओळीत असतात आणि बरगड्यांवर विखुरतात. सांबर मात्र साधे, एकरंगी, धुळकट तपकिरी. बायकांनी त्याच्याकडे फारसे पाहिले नाही. पण शेवटी तेच कामी आले.

मोरापाशी मुले सोडली आणि आम्ही चहा घेतला. त्या दिवसांत मोराचा पिसारा पुरता वाढलेला नव्हता. पावसाळ्यानंतर पिसे झडतात आणि पुन्हा येतात. मोराची मान निळी की हिरवी यावर दोघींचा वाद झाला. एक उजवीकडे उभी होती, एक डावीकडे. जागा बदलल्यावर दोघींनी मते बदलली. या वादाचा उलगडा घरी गेल्यावर आमच्या मुलीने केला. ती प्राणिशास्त्र घेऊन शिकते. मोराच्या पिसात निळा रंग नसतोच, असे ती म्हणाली. पिसातले रंगद्रव्य काळपट तपकिरी. त्याचे अतिशय बारीक कण जाळीसारखे रचलेले असतात, त्यांवरून प्रकाश परततो तो निळा-हिरवा दिसतो. पीस कुटून भुकटी केली तर निळे काही उरत नाही. पहिलीत असताना पिल्ले होतील म्हणून पुस्तकात ठेवलेले मोरपीस वीस वर्षांनी पुस्तक पिवळे पडले तरी निळेच राहते, त्याचे कारणही हेच.

ही गोष्ट आम्ही पुढच्या रविवारी गंमत म्हणून वर्गात सांगितली. मिलवाल्या आजींनी ती गंमत म्हणून घेतली नाही. त्यांनी एकच निळा चमकदार रेशमी दोरा घेतला आणि कापडावर दोन चौकोन भरले, एक उभ्या टाक्यांचा, एक आडव्या टाक्यांचा. खिडकीशी धरले तर एक निळा उजळ, दुसरा गडद. कापड फिरवले की उलट. दोरा तोच, लडी तीच. “रंग दोऱ्यात नाही, पडण्यात हाय,” असे म्हणून त्यांनी मोराची मान एकाच दोऱ्यात, टाक्याची दिशा थोडी थोडी वळवत भरली. सात छटांचे काम एका लडीत झाले. चमक असलेल्या दोऱ्यालाच हे जमते, साध्या सुती दोऱ्यात फरक फार थोडा दिसतो. पण मोराचा खर्च एका झटक्यात खाली आला.

आजींना दोरा कळतो याचे आम्हाला नवल वाटायला नको. नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि २००२ साली बंद पडली. आमचे वडीलही त्याच मिलमध्ये होते. आज तिथे मोठा बाजार उभा आहे, आमची पोरे तिथे सरकता जिना पाहायला जातात. सव्वाशे वर्षे आमच्या पिढ्यांनी तिथे सूत कातले, गुंडाळले, विणले, आणि घरी मात्र सणाला चार वार कापड आणताना दहादा विचार केला. आजी सांगतात की दोरा हातभरच घ्यावा. जास्त घेतला तर कापडातून जाता-येता पीळ उकलतो, तुकतुकी जाते आणि त्याच रंगाचे टाके शेवटी फिके दिसतात. हे कुठल्या पुस्तकात असेल तर असो, त्यांनी ते आठ-आठ तास उभे राहून शिकले आहे.

भरतकाम आमच्या घरांत नवे नाही, आणि जनावरही नवे नाही. उमरेडकडे आमच्या आजोळी पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल असे. रंगीत कापडाचे तुकडे, कडेला काजटाक्याची दाट किनार, मध्ये कवड्या आणि आरसे. ती झूल आमच्या आजीने शिवलेली आणि बैल दुसऱ्याचे. मजुरी म्हणून पायलीभर ज्वारी. पोळ्याच्या दिवशी बैल वेशीतून मिरवत आत जात आणि आजी लांब उभी राहून आपले टाके पाहत असे. त्या झुलीवर तिने एका कोपऱ्यात लाल दोऱ्याने एक लहानसे वासरू काढले होते, असे आई सांगे. कुणी सांगितले नव्हते, कुणी पैसे दिले नव्हते. झूल कुठे गेली कोण जाणे.

आता दोऱ्याचा हिशेब. इतवारीत दुकानदाराने छटांचा तक्ता पुढे टाकला तेव्हा बायकांची शुद्ध हरपली. एकट्या तपकिरी रंगाच्या डझनावर पायऱ्या, प्रत्येकीला आकडा. भरतकामाची सुती लडी सहापदरी आणि आठ मीटरची असते. बारीक केसांच्या कामाला एकच पदर सुईत घ्यायचा, म्हणजे एक लडी अठ्ठेचाळीस मीटर चालते. दोन शेजारच्या छटांचा एकेक पदर एकत्र ओवला की मधली तिसरी छटा फुकट मिळते. या युक्तीने वाघाचे नऊ दोरे सातावर आले. एक चूक मात्र महागात पडली. स्वस्त मिळाला म्हणून लाल दोरा दुसऱ्या गाड्यावरून घेतला, पाण्यात टाकून पाहिला नाही आणि पहिल्याच धुण्यात चितळाच्या पोटावर गुलाबी डाग उतरले. ओल्या पांढऱ्या फडक्यात दोरा दाबून धरला असता तर आधीच कळले असते. तो अभ्रा आमच्याच घरी वापरात आहे.

चितळाचे दुसरेही दुखणे होते. केसांची दिशा बरोबर, ठिपके बरोबर, पाठ गडद, पोट पांढरे, सगळे डोळ्यांनी पाहिल्याप्रमाणे. आणि तरी चितळ कागदातून कापल्यासारखे सपाट दिसे. तिघींनी भरले, तिन्ही सपाट. उलट त्या दुर्लक्षित सांबराला एकीने सहज म्हणून पाठीवर फिका आणि पोटाखाली गडद दोरा घातला तर ते कापडातून बाहेर आल्यासारखे उभे राहिले. वर्गाला काही उमगेना. याचाही खुलासा मुलीच्या पुस्तकात निघाला. अ‍ॅबट थेअर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८९६ साली हे मांडले होते. ऊन वरून पडते, म्हणून पाठ उजळते आणि पोट सावलीत जाते, त्यामुळे कोणतीही वस्तू गोल दिसते. पुष्कळ जनावरांचा रंग याच्या बरोबर उलट असतो, वर गडद आणि खाली पांढरा. उजेड आणि रंग एकमेकांना खाऊन टाकतात, जनावर सपाट दिसते आणि शिकाऱ्याच्या नजरेतून सुटते. चितळाने जीव वाचवण्यासाठी घेतलेले सोंग आम्ही इमानदारीने कापडावर उतरवत होतो! एका चित्रकाराला हे समजले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मग ताईंनी मार्ग काढला. चितळाचे पोट पांढरेच ठेवायचे, पण त्याच्या अगदी खालच्या काठाला राखाडी छटेच्या दोन ओळी द्यायच्या आणि पाठीच्या कण्यावर उन्हाची एक फिकी रेघ. अजिंठ्याचे चित्रकार कमळांतले हत्ती रंगवताना अशीच गडद-फिकी युक्ती करतात, हे विहारातल्या कॅलेंडरवरच्या छतचित्रात पाहायला मिळते. अजिंठ्याच्याच पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणे कोरली आहेत आणि चौघांत डोके एकच आहे. कुठल्याही हरणाकडे पाहिले तरी ते डोके त्याचेच वाटते. आमच्या एका मुलीने ते चित्र किनारीसाठी घेतले. टाके वाचतात, असे तिचे म्हणणे. व्यापारी डोक्याचे बोलणार हे आम्ही तिला सांगितले, पण तिने ऐकले नाही.

याच दिवसांत दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात हस्तकलेचा मेळा लागला होता. हे केंद्र १९८६ साली नागपुरात सुरू झाले, कर्नाटकपासून छत्तीसगडपर्यंतचे कारागीर तिथे येतात. संध्याकाळी सातजणी गेल्या. धारवाडकडच्या एका बाईच्या दुकानात इरकली लुगड्यांवर कसुतीचे काम होते. हत्ती, मोर, हरीण, पोपट, अंबारी. पण छटा एकही नाही! एका हत्तीला एकच रंग, भरीव टाका नाही, नुसत्या रेघा, कापडाचे धागे मोजून घातलेल्या. गवंती, मुरगी, नेगी, मेंथी अशी टाक्यांची नावे तिने सांगितली. मेंथी म्हणजे मेथीच्या दाण्यांसारख्या बारीक फुल्या. तिने लुगडे उलटे करून दाखवले तर गवंतीचे काम दोन्ही बाजूंनी सारखे, गाठ कुठेच नाही. आमच्या बायकांनी आपापल्या पिशवीतले वाघ हळूच आत सरकवले, कारण आमच्या कापडाची मागची बाजू म्हणजे गुंतवळ. त्या बाईने ते पाहिले आणि हात पुढे करून एक वाघ मागून घेतला. उजेडात धरून बराच वेळ पाहिला. तिला मराठी येत नव्हते, हिंदीही बेताचीच. “कितने दिन?” एवढेच तिने विचारले. सुनेने तीन बोटे दाखवली. त्या बाईने मान हलवली आणि विचारले, “कितना पैसा?” याला उत्तर द्यायला सून लाजली.

तो प्रश्न आम्ही मनावर घेतला. वाणिज्याची पदवी घेऊन आम्ही दुसऱ्यांच्या खतावण्या जुळवल्या, आपल्या बायकांच्या कामाचा हिशेब कधी नीट मांडला नव्हता. त्या आठवड्यात प्रत्येकीला घड्याळ पाहून वेळ लिहायला सांगितला. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी भिंतीवर खडूच्या रेघा ओढल्या. वाघाचा चेहरा, पंधरा तास, दोरा पंचेचाळीस रुपयांचा. दीडशेचा दर धरला तरी उरले एकशेपाच, म्हणजे तासाला सात रुपये. एकशेदहाचा धरला तर तासाला साडेचार रुपयेही पडत नाहीत. सांबर चार तासांत होते आणि दोरा बारा रुपयांचा. मोर नव्या युक्तीने सहा तासांत. व्यापाऱ्याचा दर मात्र सगळ्यांना एकच. जनावर कोणतेही असो, उशी तीच, असे त्याचे गणित होते, आणि आम्हीही ते मान डोलावून स्वीकारले होते. त्याच्या बाजूनेही थोडे सांगितले पाहिजे. यंत्रावर भरलेला वाघ त्याला खूप स्वस्त पडतो आणि गिऱ्हाईक पुष्कळदा फरक ओळखत नाही. पण मग हाताचे काम त्याने मागायलाच नको होते.

आम्ही, ताई आणि ती सून असे तिघे नवा कागद घेऊन गेलो. सांबर आणि मोर एकशेसाठ, चितळ दोनशेवीस, वाघ आणि बिबट्या साडेचारशे. व्यापारी हसला. नंतर त्याने नवा वाघ हातात घेतला आणि हसणे थांबले. डोळ्यावरून त्याने अंगठा फिरवला. “ये आपने ही बनाया?” असे त्याने ताईंना विचारले. ताईंनी सुनेकडे बोट दाखवले. सून म्हणाली, “और वो बिल्ली भी मैंने ही बनायी थी.”

सांबराचे तीस आणि मोराचे वीस अभ्रे त्याने आमच्या दराने घेतले. चितळावर वीस रुपये कापले, ते आम्ही सोडले. वाघाबद्दल विचार करून सांगतो म्हणाला. आता दोन महिने होत आले. पाच वाघ आणि दोन बिबटे विहाराच्या कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले आहेत. एकशेदहाला देऊन टाकावे असे चौघींचे मत आहे, कारण घरात पैसा लागतो आणि शाळेची फी थांबत नाही. देऊ नये असे नऊजणींचे. बाकीच्या दोन्हीकडे मान हलवतात. पुढच्या रविवारी पुन्हा सभा आहे. वर्गात आता एक नियम झाला आहे की ज्या बाईने भरले तिच्या नावाची दोन अक्षरे मागच्या बाजूला कोपऱ्यात आली पाहिजेत. मागची बाजू साफ ठेवण्याची सवयही त्यामुळे लागते आहे.

मिलवाल्या आजी मात्र या भांडणात नाहीत. विहाराच्या अंगणातल्या कडुलिंबावर खारी आहेत, त्यातली एक त्यांना भरायची आहे. पाठीवर पट्टे तीन की पाच, यावर त्या अडून बसल्या आहेत. दुपारी सगळ्या घरी गेल्यावर त्या एकट्या खिडकीशी बसतात, मांडीवर कापड, हातात ओवलेली सुई, आणि पायरीवर चार शेंगदाणे टाकलेले. खार येते, दाणा उचलते आणि मोजून होण्याच्या आत पळते.